बार, पीएसआय, किलो, पारा: दाबाच्या एककांचा नीट हिशोब (इंदूरकरांसाठी खास)

पीथमपूरकर

प्रेशर गेज तपासून त्यांचा दाखला देणं हे माझं रोजचं काम. सांवेर रोडहून आणि पीथमपूरहून गेज येतात. एकावर बार, दुसऱ्यावर किलो, जुन्या मशीनवर पीएसआय, आणि अलीकडच्या आयात मशीनवर एमपीए. फोनवर मात्र सगळे एकच वाक्य बोलतात: "साहेब, सात दाखवतंय, चालेल ना?" सात काय, हे दर वेळी विचारावं लागतं. सात बार म्हणजे १०१.५ पीएसआय. सात किलो म्हणजे ९९.६ पीएसआय. आणि सात पीएसआय म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही.

म्हणून हा धागा. शाळेत दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ एवढं आपण सगळेच शिकलो, पण वापरताना गोंधळ होतोच.

मूळ एकक पास्कल: एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल. हे फार लहान एकक आहे. साधारण शंभर ग्रॅम वजन अख्ख्या चौरस मीटरभर पसरलं तर जेवढा भार पडेल तेवढं. त्यामुळे व्यवहारात किलोपास्कल आणि मेगापास्कल (एमपीए, म्हणजे दहा लाख पास्कल) वापरतात. बाकी सगळी एककं पास्कलमध्ये अशी: १ बार म्हणजे बरोबर १ लाख पास्कल. कारखान्यात ज्याला नुसतं 'किलो' म्हणतात तो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार, ९८,०६६.५ पास्कल. पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर एक पौंड, ६,८९४.७६ पास्कल. पाऱ्याचा एक मिलिमीटर १३३.३२ पास्कल. आणि समुद्रसपाटीचं प्रमाण वातावरण १,०१,३२५ पास्कल. कोणत्याही दोन एककांमध्ये अडकलात तर आधी पास्कलमध्ये या आणि तिथून दुसरीकडे जा. प्रत्येक जोडीचं कोष्टक पाठ करायची गरज पडत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती धोक्याची आहे. बार आणि किलो यांत फक्त दोन टक्क्यांचा फरक आहे, म्हणून बरेच फिटर दोन्ही एकच धरतात. पाण्याच्या लाइनवर चालून जातं. पण टाकीवर 'कमाल १० किलो' लिहिलेलं असेल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह १० बारला लावला, तर तो उघडेल १०.२ किलोला, म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर. उलट टाकी १० बारची आणि व्हॉल्व्ह १० किलोला लावलेला असेल, तर तो ९.८ बारलाच उघडतो, सुरक्षित बाजूला. दोन टक्के तेच, पण ते कोणत्या बाजूला पडतात हे बघायलाच हवं.

मीनल_पलासिया

छान विषय घेतलात. माझी एक जुनी शंका आहे. माझ्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे. काल संध्याकाळी घरी तो ९४३ हेक्टोपास्कल दाखवत होता. त्याच वेळी हवामानाच्या पानावर इंदूरचा दाब १००४ लिहिला होता. ६१ चा फरक! फोन खराब आहे का?

पीथमपूरकर

मीनलताई, फोन अगदी व्यवस्थित आहे आणि हवामानाचं पानही.

आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीची हवा आपल्या खाली राहिली, ती आपल्यावर भार टाकत नाही. त्यामुळे इंदुरात खरोखर जाणवणारा दाब वर्षभरात ९५० च्या आसपास असतो, पावसाळ्यात जरा कमी. फोनने तोच मोजला. हवामानवाले मात्र प्रत्येक ठाण्याचा दाब 'समुद्रसपाटीवर असता तर किती असता' असा बदलून देतात. तसं केलं नाही तर नकाशावर माळव्याचं पठार कायमच कमी दाबाचा पट्टा म्हणून दिसेल आणि खरं वादळ कुठे आहे ते कळणारच नाही.

हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच आहेत, आकडा बदलत नाही. जुन्या लोकांना मिलिबारची सवय असते.

एक प्रयोग सुचवतो. महेश्वरला जाल तेव्हा फोन बरोबर असेलच. घाट उतरून नर्मदेच्या काठी पोचलात की आकडा बघा, घरापेक्षा ४५ च्या आसपास जास्त दिसेल. आपल्याकडच्या उंचीवर साधारण नऊ मीटर खाली उतरलं की एक हेक्टोपास्कल वाढतो. हाच प्रयोग उलट्या दिशेने १६४८ साली फ्रान्समध्ये झाला होता. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढला आणि वर पारा खाली उतरलेला त्याने पाहिला. टॉरिचेलीने पाऱ्याची नळी बनवून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. हवेला वजन आहे हे पटायला त्या काळच्या लोकांना डोंगर चढावा लागला, आपल्याला गाडीत बसून ते करता येतं.

सेकंड_इयर_मेकॅनिकल

काका, मग गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट प्रेशरचा फरक इथेच येतो ना? सर शिकवतात, पण पेपर सोडला तर त्याचा उपयोग कुठे होतो ते लक्षात येत नाही.

पीथमपूरकर

बरोबर इथेच येतो. टायरमध्ये हवा भरताना ३३ बघता, ते ३३ बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेले पीएसआय. सगळी हवा निघून गेलेल्या टायरवर गेज शून्य दाखवतं, पण आत इंदूरची हवा असतेच, १३.८ पीएसआयची. गेज दाबात बाहेरचा दाब मिळवला की निरपेक्ष, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट दाब: ३३ अधिक १३.८, म्हणजे ४६.८.

आता तुझ्या पुस्तकातला वायूचा नियम लाव: जागा तेवढीच असेल तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंशाला ३३ भरले आणि उन्हात हायवेवर टायरमधली हवा ६० अंशांवर गेली. नियम निरपेक्ष दाबाला लागू होतो, आणि तापमानही केल्व्हिनमध्ये घ्यायचं. ४६.८ गुणिले ३३३ भागिले २९८, येतात ५२.३. त्यातून १३.८ वजा केले की गेजवर ३८.५ दिसतील. ३३ लाच थेट गुणलंस तर ३६.९ येतील आणि उत्तर दीड पीएसआयने चुकेल. म्हणूनच टायर थंड असताना हवा तपासा असं सांगतात. तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून हवा काढू नये, सकाळी ती कमी पडते.

आणखी एक. तीच गाडी मुंबईला नेलीस, तापमान तेच धरलं, तर गेज ३३ ऐवजी ३२ दाखवेल. हवा गळलेली नसते, बाहेरचा दाब वाढलेला असतो.

डिजिटल पंप वापरणाऱ्यांनी पडद्यावरचं एकक आधी बघा. काही पंप बारवर सेट होऊन येतात. ३२ पीएसआय हवे असताना ३.२ बार लावले तर टायरमध्ये ४६ पीएसआय जातात.

कुमुद

मी रामबागेत राहते. शासकीय रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडे ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साहित्य निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी, 'पंधरा पौंड (पीएसआय), १२१ अंश' हे पाठच असायचं. तुमचं इंदूरच्या उंचीचं वाचून विचारते: पंधरा पौंडाचा काटा इथे १२१ अंशांचाच असतो का?

पीथमपूरकर

कुमुदताई, फार महत्त्वाचं विचारलंत. नसतो.

वाफेचं तापमान निरपेक्ष दाबावर ठरतं. १२१ अंशाला शुद्ध वाफेचा निरपेक्ष दाब साधारण २.०५ बार असतो. समुद्रकाठी बाहेरचा दाब १.०१, म्हणून काट्यावर १.०४ बार, म्हणजे पंधरा पौंड पुरतात. इंदुरात बाहेर ०.९५ आहे. काट्यावर तेच पंधरा पौंड असताना आतला निरपेक्ष दाब १.९८ होतो आणि वाफ १२० अंशांना असते. पूर्ण १२१ हवे असतील तर इथे काटा सोळा पौंडांवर न्यावा लागतो, अर्थात यंत्राच्या मर्यादेत असेल तरच.

एक अंशाने काय होतं, असं कोणी म्हणेल. वाफेने जंतू मारताना सर्वसाधारण हिशोब असा की तापमान दहा अंश खाली आलं तर तेवढ्याच परिणामासाठी दहापट वेळ लागतो. त्या हिशोबाने एक अंश कमी पडला तर पंधरा मिनिटांचं काम एकोणीस मिनिटांना होतं. पाठ केलेले आकडे मुंबईत लिहिलेल्या पुस्तकातले असले तर इथे ते तसेच लागू पडत नाहीत.

त्याहून मोठा धोका आत अडकलेल्या हवेचा. काटा वाफ आणि हवा यांचा एकत्र दाब दाखवतो, तापमान मात्र फक्त वाफेच्या वाट्यावर ठरतं. सुरुवातीला हवा नीट बाहेर जाऊ दिली नाही तर काटा पंधरा पौंड दाखवत राहतो आणि आत जेमतेम ११०-११२ अंश असतात. म्हणून जिथे तापमापक आहे तिथे निर्णय तापमापकावर घ्यावा, दाबाच्या काट्यावर नाही.

कुमुद

धन्यवाद. हवा बाहेर काढण्यासाठी व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफेची सलग धार येईपर्यंत थांबायचं, हे आम्हाला एका ज्येष्ठ सिस्टरांनी शिकवलं होतं. कारण आज कळलं.

आता माझ्याकडचं थोडं सांगते. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये का, असं नवीन मुली विचारायच्या. एके काळी पाऱ्याचाच स्तंभ असायचा आणि पट्टीवर वाचायचा. आता पाऱ्याची यंत्रं जाऊन डिजिटल आली, पण सगळ्या डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या डोक्यात १२०/८० बसलेलं आहे. किलोपास्कलमध्ये तेच १६/१०.७ होतं. दवाखान्यात एकक बदलायच्या मी विरुद्ध आहे. घाईच्या वेळी डोक्यात रूपांतर करत बसलं तर चूक होणारच.

पण रूपांतर समजलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. १२० मिलिमीटर पारा म्हणजे १६३ सेंटीमीटर पाण्याचा स्तंभ, रक्त पाण्याहून जरा जड म्हणून सुमारे दीड मीटर रक्ताचा. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या धमनीला उंच काचेची नळी जोडून बघितलं होतं, रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं.

सलाइनचंही असंच. बाटली रुग्णाच्या हाताच्या मीटरभर वर टांगली तर सुमारे ७३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळतो. शिरेतला दाब त्यापेक्षा खूपच कमी, म्हणून थेंब आत जातात. बाटली खाली आणून पलंगावर ठेवली की रक्त नळीत उलटं चढतं. नातेवाईक रुग्णाला संडासला नेताना बाटली खाली धरतात, तेव्हा हेच होतं. बाटली खांद्याच्या वर धरा, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

सांवेर_रोड

माझ्या कामाचा प्रश्न. मी व्हॅक्यूम पंप दुरुस्त करतो. गिऱ्हाईक म्हणतं, पंप ७६० पर्यंत जात नाही, ७०० ला अडकतो, म्हणजे पंप गेला. मी उघडून बघतो तर आत काहीच झिजलेलं नसतं.

पीथमपूरकर

तो पंप उत्तम आहे. व्हॅक्यूमचा काटा आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती मिलिमीटर पाऱ्याने कमी झाला ते दाखवतो. इंदुरात बाहेरचा दाबच साधारण ७१२ मिलिमीटर पारा. त्यातून सगळीच्या सगळी हवा काढली तरी काटा ७१२ च्या पुढे जाऊ शकत नाही. डायलवर ७६० छापलेलं असतं ते समुद्रकाठच्या हिशोबाने.

आता हे बघा. इथे काटा ७०० वर म्हणजे आत उरले १२ मिलिमीटर, सुमारे १६ मिलिबार. मुंबईत काटा ७०० वर म्हणजे आत उरले ६०, सुमारे ८० मिलिबार. काटा तोच, आतली स्थिती पाचपट वेगळी. औषधांच्या कारखान्यात निर्वात ड्रायर असतो तिथे हा फरक थेट मालावर दिसतो: ६० मिलिमीटरला पाणी ४१ अंशांच्या थोडं वर उकळतं, १२ मिलिमीटरला १४ अंशांना. मुंबईच्या कारखान्याने पाठवलेल्या कार्यपद्धतीत 'व्हॅक्यूम ६५०' लिहिलं असेल, तर तोच परिणाम मिळवायला इथे काटा साधारण ६०० वर ठेवावा लागतो. निर्वाताचं काम करणाऱ्यांनी निरपेक्ष दाबाचंच गेज घ्यावं, मिलिबार अ‍ॅब्सोल्यूट लिहिलेलं, असं माझं ठाम मत आहे. थोडं महाग पडतं, पण गावागणिक हिशोब बदलत नाही.

सांवेर_रोड

हे मी छापून दुकानात लावतो. गिऱ्हाइकाला दाखवायला बरं.

नर्मदाकाठ

मी मंडलेश्वरचा. आमच्याकडून, जलूदहून, तुम्हाला पाणी येतं. १९७८ साली पहिला टप्पा सुरू झाला. पाण्याच्या कामात आम्ही दाब मीटरमध्येच बोलतो, 'हेड किती' असं. दहा मीटर उंच पाणी म्हणजे एक किलो, यापेक्षा सोपं रूपांतर नाही. आमचा नदीकाठ सुमारे १५० मीटरवर, तुमचं इंदूर ५५० वर. नुसत्या उंचीचेच चारशे मीटर, म्हणजे ४० किलो दाब. त्यात सत्तर किलोमीटर पाइपच्या घर्षणाची भर, आणि विंध्याचा माथा ओलांडायचा तो वेगळाच. एका दमात एवढं पाणी वर ढकलायचं तर खालच्या पाइपला सगळाच दाब सोसावा लागेल. म्हणून टप्प्याटप्प्याने पंपिंग करतात. इंदुरात नळ सोडून ठेवणाऱ्यांनी हे चाळीस किलो एकदा मनात आणावेत.

तिसरा_मजला

नळाचा विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं. आमची इमारत बारा मजली, आम्ही तिसऱ्यावर. शॉवरला पाणी जेमतेम येतं. एक जण म्हणाला २ बारचा प्रेशर पंप बसवा. गीझरवर ०.८ एमपीए लिहिलंय. पंप बसवला तर गीझर फुटणार नाही ना?

पीथमपूरकर

गीझरचे ०.८ एमपीए म्हणजे ८ बार, किंवा ८.१६ किलो. एमपीएला दहाने गुणलं की बार. बांधकामवाल्यांचं न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरही तेच एमपीए, म्हणून एम-२० काँक्रीट २० एमपीएचं, म्हणजे सुमारे २०४ किलोचं.

पण पंप घ्यायच्या आधी नर्मदाकाठ यांचा नियम लावा. बारा मजल्यांवरची टाकी, तुम्ही तिसऱ्यावर. तुमच्या नळापासून टाकी साधारण ३० मीटर वर असणार. म्हणजे तुमच्याकडे काहीही न बसवता सुमारे ३ किलो आधीच असायला हवेत. त्यावर पंपाचे २ बार घातले तर ५ होतात. गीझर सोसेल, पण मिक्सरची आणि लवचीक नळ्यांची पॅकिंग गळायला लागतील. पंपाची गरज बाराव्या मजल्याला असते, जिथे टाकी डोक्यावर तीन मीटरच असते आणि दाब फक्त ०.३ किलो.

प्लंबरला सांगून वॉशिंग मशीनच्या नळाला ० ते ६ किलोचं साधं गेज लावा. सगळे नळ बंद असताना एक आकडा घ्या, शॉवर उघडून दुसरा.

तिसरा_मजला

आज गेज लावून बघितलं. सगळं बंद असताना २.८ किलो. शॉवर उघडल्याबरोबर काटा ०.६ वर आला. शॉवर बंद केला की हळूहळू पुन्हा २.८.

पीथमपूरकर

उत्तर मिळालं. २.८ म्हणजे टाकीची उंची पूर्ण पोचते आहे. पाणी वाहायला लागल्यावर २.२ किलो कुठेतरी खर्च होतात, आणि काटा हळूहळू वर येतो म्हणजे वाट अरुंद झाली आहे. पंप लावला तरी तो त्याच अरुंद वाटेवर जोर लावत बसेल.

घराच्या मुख्य व्हॉल्व्हजवळ वाय-आकाराचा स्ट्रेनर असेल. बोअरिंगचं पाणी टाकीत मिसळत असेल तर त्याच्या जाळीवर क्षार बसून ती जवळजवळ बंद होते. तो उघडून धुवा. मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का तेही बघा, अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह अगदी असाच वागतो. खालच्या मजल्यांसाठी शाफ्टमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर त्याचीही जाळी असते, पण त्याला हात लावायच्या आधी सोसायटीला विचारा, कारण त्याच्यावर बाकीचेही मजले असतात. मग तेच गेज त्याच नळाला लावून शॉवर उघडा आणि आकडा इथे टाका. दीडच्या वर गेला तर पंपाचे पैसे वाचले.

तिसरा_मजला

स्ट्रेनरची जाळी पांढऱ्या थराने गच्च भरलेली निघाली. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून ब्रशने धुतली. आता शॉवर उघडा असताना २.१ किलो.